चंद्रीची कविता

१९७४ साली शेलूबाजारच्या पुंजाजी मास्तरांच्या कविता पुण्याच्या एका प्रकाशकाने निवडल्या. पुस्तकासाठी त्यांनी फक्त शंभर रुपये पाठवायचे होते, म्हणून बायको पंचफुलाची लाडकी बकरी चंद्री मंगरूळपीरच्या बाजारात विकायचे ठरले.

पंचफुलाने गुपचूप वाणसामानाची यादी कवितेसारखी लिहिली, खाली ‘कु. चंद्री’ अशी सही केली आणि त्याच पत्त्यावर धाडली. आठव्या दिवशी उत्तर आले: कविता निवडली आहे, शंभर रुपये पाठवा.

मास्तरांनी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचली.

“तेल, मीठ, ढेप. हे काय कविता हाय?”

“त्यायले तं आवडली,” पंचफुला म्हणाली. “आता इकता का माह्या कवयित्रीले?”

मास्तरांनी बकरीचा दोर पुन्हा खुंट्याला बांधला. मग पत्रे परत उघडली.

“मले नुसतं ‘सुंदर’ लिवलं,” ते म्हणाले. “बकरीले ‘अतिसुंदर’ काहून?”