चांदीच्या आड

जगदेवीला जाऊन आठ महिने झाले. आमचं नांदूरघाटला भांड्यांचं दुकान आहे. मी विश्वेश्वर, तिचा नवरा.

आमच्या लिंगायत घरात लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात. ते शेवटपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. आम्हा दोघांची लिंगं चांदीच्या डबीत असायची. दोन वर्षांपूर्वी तिचा खोकला थांबेना, म्हणून बीडला छातीचा सीटी स्कॅन काढायला गेलो. गळ्यातली डबी काढा म्हणाले. तिनं दोऱ्याला हात घातला आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "राहू दे. पदराखाली कुणाला दिसतंय?"

फोटोत चांदीमुळं पांढरे पट्टे उमटले. डबी काढून परत या, असं रिपोर्टात लिहून दिलं होतं. आम्ही गेलो नाही. पाच महिन्यांनी गेलो तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या मुलीला, शिवांजलीलाही नाही.

यंदा मला खोकला लागला. शिवांजली मला ओढतच बीडला घेऊन गेली. स्कॅनच्या खोलीतल्या सुरेखाबाई म्हणाल्या, "काका, गळ्यातलं काढा."

"न्हाई निघत ते. अंगापासून दूर करायचं नसतंय."

"मग दूर कावून करता? डबी तेवढी पोरीकडं द्या. आतलं लिंग मुठीत धरा. हात तर डोक्याच्या मागंच न्यायचेत. तिथला फोटो येत न्हाई."

मी तसाच उभा राहिलो. एवढं सोपं होतं.

"भ्यालाव का काय?"

"न्हाई, बाई," म्हणालो आणि मूठ घट्ट धरून झोपलो. मशीन बोललं तसा श्वास धरला, सोडला. संपलं.

मग डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे माझ्या छातीचे चारशे काप त्यात होते. ते एकेक सरकवत होते. फासळ्या आल्या, श्वासाच्या नळीला फुटलेल्या फांद्या आल्या, माझं काळीज आलं. साठ वर्षं जे आत घेऊन फिरलो, ते मी पहिल्यांदा पाहत होतो. 

"मी सगळं पाहिलं, मला काही दिसलं नाही," डॉक्टर म्हणाले. "मग कॉम्प्युटरनं पाहिलं. हे बघा."

एका कापावर हिरवं वर्तुळ होतं. आत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका.

"मी रक्तवाहिनी समजून पुढं गेलो होतो. याला हजारो लोकांचे स्कॅन दाखवून शिकवलंय."

"म्हंजी तुमच्यापरीस हुशार हाय की!" शिवांजली म्हणाली.

डॉक्टर हसले. "दमत नाही ते, एवढं खरं. गाठ कसली आहे ते तपासून कळेल. वाईट निघाली तरी एवढी लहान आहे, काढता येईल."

मी पिशवीत आणलेली जगदेवीच्या पहिल्या स्कॅनची सीडी काढली. "हिच्यातबी बघायला सांगा त्याला."

कॉम्प्युटरनं दोन मिनिटं घेतली. वर्तुळ कुठंच आलं नाही. मधल्या पांढऱ्या पट्ट्यांभोवती त्यानं चौकट आखली आणि खाली एक ओळ लिहिली. डॉक्टरांनी वाचून दाखवली, "हा भाग वाचता येत नाही."

मला वाटलं होतं, याला सगळंच दिसतं. पण जे दिसलं नाही, ते दिसलं नाही असं त्यानं सरळ सांगितलं. अंदाज केला नाही, लपवलं नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

"अप्पा, ही आईची डबी ना?" शिवांजली पडद्याकडं बघत म्हणाली. "कुणी ठिवू दिली?"

"मी. ती काढायलीती. मीच राहू दे म्हणालो."

तिनं मान वळवून डॉक्टरांना तपासणीचा वार विचारला. सोमवार म्हणाले.

एसटीत ती माझ्यापासून दोन सीट पुढं जाऊन बसली. मांजरसुंबा गेल्यावर उठली, मागं आली आणि माझ्या शेजारी टेकली.

"रागवावं का नको, कळंना मला."

"रागव," मी म्हणालो. "पण सोमवारी संगं ये."

"येणारच हाय," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड करून रडू लागली.