मोसंबीच्या साली

परशुराम बाळकुमचा कोळी. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा होडी विकून तो आंबिवलीला पंढरीशेठच्या तळ्यावर राखणीला आला. वीटभट्टीसाठी माती काढून पडलेला तो खड्डा. पाणी साचलं, तसे शेठने त्यात रोहू-कटला सोडले. शेठ राहायचा कल्याणला. पंधरा-पंधरा दिवस परशुरामशी बोलायला माणूस नसे.

त्र्याण्णव सालच्या थंडीत माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, मग जखमा पडल्या. रोज सकाळी पाच-सात मासे उलटे तरंगत. परशुराम ते काढून पुरायचा. मत्स्य खात्याचे साहेब बघून गेले. म्हणाले, "चुना मारा. आणि खाद्य सुधारा. नुसत्या कोंड्यावर ताकद कुठून येणार?"

ताकद म्हटल्यावर त्याला मोसंबी आठवली. बायको, मनुबाई, ठाण्याला दवाखान्यात होती तेव्हा खोपटच्या एसटी डेपोबाहेर उत्तमच्या गाडीवरून तो रोज रस न्यायचा. शेवटी तिच्या पोटात तेवढाच ठरत असे.

तो खोपटला गेला. उत्तमने ओळखलं. "काका, काकू कशा आहेत?"

"गेली. दोन वरसं झाली."

उत्तमने हातातलं फळ खाली ठेवलं.

"साली फेकतोस ना, त्या दे मना," परशुराम म्हणाला. "मासं आजारी हायेत."

गोणभर साली त्याने झोपडीच्या पत्र्यावर वाळवल्या, कुटल्या आणि कोंडा-पेंडीत कालवल्या. पहिले गोळे माशांनी तोंडातून टाकून दिले. कडू झाले होते. मग त्याने साली कमी केल्या, पपईच्या थोड्या घातल्या. हळूहळू मासे खाऊ लागले. दर मंगळवारी तो ठाण्याला जाऊन गोणी भरून आणी.

होळीपर्यंत मरतूक थांबली. "ऊन वाढलं म्हणून," शेठ म्हणाला. साहेबांनाही तसंच वाटलं; सालींनी थोडा हातभार लावला असेल, म्हणाले. परशुराम वाद घालत बसला नाही. शेपटीजवळ खड्डा पडलेल्या एका कटल्याची जखम भरताना त्याने रोज पाहिली होती. पण ते सांगायचं कोणाला?

शेठला विचारून त्याने दोन किलोचा रोहू धरला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून खोपटला नेला.

उत्तमने सदऱ्याआडची तुळशीची माळ दाखवली. "मी खात नाही, काका. घरी घेऊन जा, घरच्यांना द्या."

"घरी मीच हाय."

गिऱ्हाइकं आली. उत्तमने रसाचा ग्लास भरून त्याच्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत. परशुरामने तो उभ्यानेच प्यायला आणि परतीची गाडी पकडली.

संध्याकाळी त्याने कालवण केलं. गोड्या पाण्याचा मासा त्याला कधी रुचलाच नव्हता. तरी तो जेवला. उरलेलं झाकून ठेवलं आणि सकाळी तेच भाताशी संपवलं.