सात खळग्यांची चकती

मी सागाची एक लहानशी चकती. माझ्या अंगावर सात खळगे आहेत. ते देवीचे व्रण नव्हेत. गेनबा सुताराने पटाशीने कोरलेत.

सवाई माधवरावांच्या अमदानीतली गोष्ट. शनिवार पेठेत एका वाड्याचं काम चाललं होतं. दरवाजाच्या फळीचा उरलेला तुकडा गेनबाने घरी आणला आणि त्यातून आम्ही वीस बहिणी जन्मलो. दहा जणींच्या अंगावर एक ते दहा खळगे, दहा जणींवर काजळीच्या शाईने काढलेले आकडे. पाटावर आम्हाला पसरायचं आणि खळग्यांशी आकडा जुळवायचा, एवढाच खेळ. खेळणारी त्याची पाच वर्षांची शालू.

"पोरीला काय पेशव्यांच्या दफ्तरात कारकून बसवायची हाय?" त्याची बायको सरुबाई चुलीपुढून टोमणा मारायची. गेनबाला मुलगा नव्हता. आपल्यामागे आपला मापाचा गज वाचणारं कुणी असावं, ही त्याची एकच हौस. शिकवताना मात्र लाड नाहीत. शालूने मला सहाशी जोडलं की रंधा न थांबवता तो म्हणे, "चुकलं. परत बघ." मग जुळलं की शालू मला मुठीत धरून घरभर नाचे. माझा तोरा काय विचारता!

त्या साली आमच्या आळीत देवी आल्या. शालू वाचली, पण डोळे गेले.

महिन्याभराने तिनेच पाट मागितला. माझे खळगे बोटाने मोजले, बरोबर सात. पण आकड्यांच्या चकत्या तिच्या बोटाला साऱ्या सारख्याच, गुळगुळीत. चाचपून तिने एक माझ्याशेजारी ठेवली. ती चाराची होती.

"बा, जुळलं?"

गेनबाचा रंधा थांबला. 'परत बघ' हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. आंधळ्या पोरीने बघायचं कशाने?

"जुळलं, पोरी."

मग दुसरीही जुळली, तिसरीही जुळली. सरुबाईने तोंडाला पदर लावला.

शालू काही खुळी नव्हती. तिने माझ्याशेजारी मुद्दाम तीन खळग्यांची बहीण ठेवली. दोघींवरही आकडा नाही. "आता?"

"जुळलं," गेनबा म्हणाला. त्याने पाटाकडे पाहिलंही नव्हतं.

शालूने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी गेनबाला शहाणपण सुचलं. कामावर खाडा करून त्याने दहाही आकडे खोल कोरले आणि शालूचं बोट धरून साताच्या आकड्यावरून फिरवलं. तिने बोट सोडवून घेतलं.

"आता चुकलं तरी तू जुळलंच म्हणशील, बा."

गेनबाने आम्हाला गोळा करून कोनाड्यात ठेवलं. चार पावसाळे झाले, आम्ही तिथेच आहोत. माझ्या खळग्यांत भुसा भरलाय. आता कुणाचं बोट फिरलं तरी सात लागायचे नाहीत.

बाबांनो, लेकरांवर माया करा, पण चुकलं तर चुकलं म्हणा. शालूचे डोळे देवीने नेले. तिचा खेळ मात्र आमच्याच घराने नेला.