हरिओमचा चहा

हरिओमला भास होत होते, यात वाद नव्हता. फवारणीचा पंप वाहून कंबर धरली म्हणून त्याने दुखण्याच्या कॅप्सूल सुरू केल्या. दोनाच्या बारा झाल्या, आणि एका दुपारी तो वांग्याच्या वावरात उभा राहून पंपाशीच भांडू लागला.

आई मंजुळाबाईने त्याला बुलढाण्याला डॉक्टर लक्ष्मीकांतांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "या कॅप्सूलनेही डोकं फिरतं आणि वेगळा आजारही असू शकतो. महिनाभर मी देतो तेवढंच औषध, कॅप्सूल एकही नाही. भास थांबले तर दोष कॅप्सूलचा. लक्ष तुम्ही ठेवायचं, मावशी."

मावशीने ठेवलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी डिंपलच्या साखरपुड्याला सुलतानपूरची पाहुणेमंडळी यायची, आणि तिचा हा भाऊ अंगणात लोळून ओकत होता, ओरडत होता. बाईने लपवलेली कॅप्सूल फोडून पूड चहात ढवळली. अर्ध्या तासात पोरगा गरीब गाय. पाहुण्यांना रामराम घालत त्याने पानाचं ताटही फिरवलं. एवढं लग्न होऊ दे, मग बंद, असं तिने स्वतःला बजावलं. पाकीट संपलं तेव्हा ती स्वतः दुकानात जाऊन दुसरं घेऊन आली.

महिन्याने डॉक्टरांनी लघवी तपासायला मागितली. "कॅप्सूल निघाली तर भरती करावं लागेल." लग्नाला नऊ दिवस होते. सासरच्यांना कळलं असतं तर सोयरीक मोडायला वेळ लागला नसता. हरिओमने बाटली भरून आईच्या हाती दिली. संडासात जाऊन मंजुळाबाईने ती ओतली आणि स्वतःची भरली.

तपासणीत काही निघालं नाही.

"डॉक्टरसाहेब," हरिओम म्हणाला, "माय माह्या चहात काहीतरी टाकते. मले कडू लागते."

"मावशी?"

"देवाशपथ नाही जी. पोटच्या लेकराले मी काऊन काही देईन?"

डॉक्टर भला माणूस. त्याने हरिओमच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, हाच तर आजार. आपल्या माणसावरच आधी संशय येतो. महिनाभर पोटात कॅप्सूल नाही, तरी भास आहेतच. म्हणजे हे निराळं आहे. औषध बरीच वर्षं घ्यावं लागेल."

मंजुळाबाईला लाज वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

मग हरिओम उठला आणि तिच्या पायाशी वाकला. त्याचे डोळे भरून आले होते.

"माये, मले माफ कर. मीच पागल झालो. आजपासून तू देशीन ते घेईन, इचारणार नाही."

"ऊठ बाबू," ती म्हणाली.