आवळ चोक

निवड समितीच्या साहेबांनो, चूक तुमची आणि घरी बसवलंत त्या नेमबाज पोरीला!

नवी वेगवान काडतुसं तुम्ही मागवलीत. बंदुकीला सर्वांत आवळ चोकच लावायचा, हा हुकूमही तुमचाच. चोक म्हणजे नळीच्या तोंडात बसणारी आट्यांची कडी. ती जितकी आवळ तितके छर्रे एकवटून जातात, एवढं पाठ करून तुम्ही मोकळे झालात. चाचणीत नेमासाठी हवेत सोडलेल्या मातीच्या चकत्या तिच्यासमोरून धडधाकट निघून गेल्या, तेव्हा "बाई, डोळे गेले तुमचे," म्हणालात आणि संघातून नाव उडवलंत.

ते तिला झोंबलं. रडली मात्र नाही. सकाळी बंदूक आणि कागदाचे मोठे ताव घेऊन ती आत्याच्या दारात उभी. आत्या एकेकाळची विजेती. अंगाने भरभक्कम, जिभेने त्याहून.

"आत्या, खरं सांग, माझे डोळे गेले?"

"मला काय विचारतेस? कागदाला विचार. चल."

सरावाच्या मैदानावर ताव ताणून लावला. ती नेमाच्या खुणेभोवती वर्तुळ काढायला गेली, तशी आत्या खेकसली, "अगं ए शहाणे! आधी बार, मग वर्तुळ. छर्रे दाट पडतील तिथे आखायचं. तुझा नेम नाही, बंदुकीचा सडा, म्हणजे छर्रे कसे पसरतात ते, तपासतोय आपण."

तुमचंच काडतूस, तुमचाच आवळ चोक. बार झाला. आत्याने दोरीने वर्तुळ आखलं. एका बाजूला छऱ्यांची गर्दी, दुसरीकडे भलं मोठं खिंडार.

"यातून चकती काय, मीसुद्धा निघून जाईन. आणि माझा घेर तुला ठाऊक आहे!"

"पण आवळ चोकने सडा दाट व्हायला हवा ना?"

"छर्रे मऊ, त्यात हा वेग. अरुंद तोंडातून रेटले की चेपतात नि भरकटतात. पण एका कागदावर भाळू नकोस. पुन्हा मार."

पुन्हा खिंडार. आणखी एका तावावर तेच, फक्त जागा बदललेली. मग तिने सैल चोक बसवला. काडतूस तेच. या वेळी छर्रे वर्तुळभर सारखे पसरले. चकती लपायला जागा नाही. ताव बदलून पाहिले, तरी तसंच.

"आता चकत्या सोडते," म्हणत आत्या यंत्राकडे वळली. एकेक चकती हवेतच भुगा झाली. आत्याने तिच्या पाठीत असा धपका घातला, की ती कळवळली आणि हसलीही.

"माझ्या भावाची लेक शोभतेस! जा, दाखव त्यांना."

ती तडक तुमच्या समितीच्या खोलीत आली आणि टेबलावरचे चहाचे कप सारून ताव पसरले. तुमच्या अध्यक्षांनी खिंडारावरून नजर फिरवली, घसा खाकरला.

"हे बघा, नियम सगळ्यांना सारखा असतो."

"बंदुका सारख्या नसतात, साहेब. माझे डोळे शाबूत आहेत. मैदान समोर आहे, माझा सैल चोक लावून आत्ता मारून दाखवते. मग मला संघात घेणार की नाही? खिडकीबाहेर काय बघताय? उत्तर द्या!"