खिशातला फ्यूज

सासऱ्यांचे हात कधी स्वस्थ बसायचे नाहीत, हे सुनेला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. आयुष्यभर वायरमन म्हणून राबलेला माणूस तो. आता रेडिओ, इस्त्री, दाराची घंटा, जे हाताला लागेल ते उघडून बसायचे. पूर्वी परत जोडायचेही. हल्ली मात्र अर्ध्यावर उठून जायचे आणि वर घरभर विचारायचे, "हे कुणी खोलून ठेवलंय रे?"

म्हणून तर सकाळी कामाला निघताना नवऱ्यानं तिला बजावलं होतं, "विजेची शेगडी मी आल्यावर जोडतो. बाबांना तारेला हात लावू देऊ नकोस. अजिबात नाही."

तिनं मान डोलावली. आणि दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या दारात हजर! अंगात कामावरचा खाकी शर्ट, हातात पक्कड.

"सूनबाई, एवढं एक करू दे गं. बसून बसून गंज चढला बघ मला."

आता अशा तोंडाला नाही कसं म्हणायचं? तिला नाही म्हणवलं नाही.

बाबांचा एक नियम होता. कामाला हात घालण्याआधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. "फ्यूज माझ्या खिशात, म्हणजे मरण माझ्या खिशात. कुणाचा बाप लाईन चालू करणार?" आजही त्यांनी बाहेरच्या बोर्डावरचा स्वयंपाकघराचा फ्यूज काढला, खिशावर थाप मारली. ट्यूब गेली, फ्रिज थरथरून गप्प झाला. तिच्या जिवात जीव आला.

मग चष्मा शोधण्याचा रोजचा सोहळा. दोन्ही हातांनी छाती, खिसे, कान, सगळं चाचपून झालं.

"कपाळावर आहे, बाबा."

"मग आधी बोलायचं नाही का, गधडे!" म्हणत ते हसले आणि ओट्यापुढे स्टूल ओढून बसले.

शेगडीच्या स्विचची पट्टी त्यांनी भिंतीतून सोडवली. ती तारांना लटकून ओट्यावर पालथी झुलू लागली. खिडकीपुढे शेजारची भिंत, त्यामुळे भर दुपारीही तिथं अंधारच. तिनं बॅटरी धरली होती. बाबा शेगडीच्या जाड तारांची टोकं सोलत होते, तशी तिची नजर सहज खाली गेली. ओट्याच्या पत्र्यावर वाटाण्याएवढा लाल ठिपका पडला होता.

त्या पट्टीवर एक बारीक लाल दिवा होता, वीज आली की पेटणारा. सकाळी तो कसा दिसतो ते बघायला तिनंच हौसेनं स्विच दाबला होता आणि तसाच ठेवला होता. पण फ्यूज काढल्यावर दिवा पेटेल कसा?

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेगडीचा भार जुन्या लाईनला झेपणार नाही म्हणून नवऱ्यानं परवाच शेगडीपुरती वेगळी लाईन ओढली होती. त्या लाईनची स्विचपेटीही वेगळी, दाराजवळ. तेव्हा शिडी धरायला कोण उभं होतं? बाबाच! ते साफ विसरले होते. त्यांच्या खिशातला फ्यूज भलत्याच लाईनचा होता, आणि पट्टीमागचे पितळी स्क्रू जिवंत होते.

ओरडावं तर ते दचकणार आणि बोटं नेमकी तिथंच टेकणार. हात धरावा तर तेच. दाराकडे धावावं तर तेवढा वेळ कुठं होता? त्यांची बोटं स्क्रूकडे निघालीसुद्धा होती. देवा रे, मीच बसवलंय यांना इथं, मीच मारतेय, एवढं एकच तिच्या मनात घुमत होतं.

"बाबा," मीठ मागावं तशा आवाजात ती म्हणाली, "चष्मा कुठाय तुमचा?"

"अरेच्चा!" पक्कड मांडीवर पडली आणि बाबांचे दोन्ही हात चेहऱ्याकडे गेले. तिनं मागून त्यांचा शर्ट धरला आणि जीव खाऊन ओढलं. स्टूल कलंडलं, दोघंही धाडकन खाली आले.

"वेड लागलं का तुला?"

तिनं बोट दाखवलं. जमिनीवरून त्यांना तो पालथा दिवा स्वच्छ दिसला.

"नवी लाईन," ते पुटपुटले. "शिडी मी धरली होती ना गं?"

तिनं धावत जाऊन पेटीतला स्विच बंद केला, परत येऊन त्यांच्याशेजारी बसली आणि हमसून हमसून रडली. बाबांनी खिशातला फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. आजवर तो त्यांनी कुणाच्या हाती दिला नव्हता.

"त्याला सांगू नकोस. माझी पक्कड काढून घेईल तो. पाया पडतो तुझ्या."

"असं काय बोलता, बाबा! नाही सांगणार." आणि ती मनापासून बोलली होती.

तिनं त्यांना पाणी दिलं, बाहेर खुर्चीत बसवलं, पक्कड त्यांच्याजवळ ठेवली. मग आत येऊन स्टूल उचललं. जरा टेकावं म्हणून ती त्यावर बसते न बसते, तोच दारात चाहूल लागली.

बाबा उभे होते. हातात पक्कड, चेहरा कसा अगदी ताजातवाना.

"सूनबाई, ही शेगडी आज जोडून टाकू या? बसून बसून गंज चढला बघ मला." मग बोर्डाकडे वळून म्हणाले, "आणि इथला फ्यूज कुणी काढला रे?"

एका हातानं तिनं त्यांची बाही घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता घरी ये," ती म्हणाली. "बाबांबद्दल सांगायचंय."