कोपरा फाडलेलं कार्ड

पहाटे मी माझा नवरा मेलेला पाहिला. दत्ताराम, नाकात कापूस घालून जमिनीवर निजवलेला. दचकून उठले तर हा शेजारी खुशाल घोरतोय. असा राग आला की ढोसून उठवलं, पण स्वप्न सांगितलं नाही.

सांगितलं ते शेजारच्या कुंदाला. ती म्हणाली, "अगं, मेलेला दिसला की आयुष्य वाढतं."

"पहाटेचं होतं गं."

तिचाही चेहरा उतरला. पहाटेचं खरं होतं ना! "डोक्याला कावळा शिवला की अपशकुन टाळायला करतात तेच कर. मेल्याचं खोटं कार्ड पाठव. रक्ताचं माणूस रडलं की टळतं. पण खरं रडायला हवं हां."

रक्ताचं माणूस एकच उरलेलं, गावचा धाकटा दीर गुणाजी. फणसाच्या झाडावरून दोघा भावांचं सात वर्षं बोलणं बंद. तो कसला रडतोय? तरी मी कार्ड लिहिलं, वाईट बातमीच्या कार्डाचा फाडतात तसा कोपरा फाडला आणि पेटीत टाकलं. चार दिवसांनी खरं सांगणारं दुसरंही टाकलं.

दत्ताराम दिंडोशीच्या नव्या इमारती रंगवायचा. रोज सहाव्या मजल्यापर्यंत बांबूच्या परांचीवर.

"आज नको ना जाऊ."

"डोकं फिरलंय का तुझं?"

तो घरी येईपर्यंत घास उतरत नव्हता. गुणाजी रडला असेल की हसला असेल, एवढंच मनात.

रविवारी सकाळी दार वाजलं. दत्तारामनेच उघडलं. दारात गुणाजी, हातात पिशवी. डोकं तुळतुळीत, मिशाही काढलेल्या. माझं दुसरं कार्ड तो गावाहून निघाल्यावर पोचलं असणार.

दत्ताराम त्या डोक्याकडे बघतच राहिला. सात वर्षांनी पहिला शब्द बोलला, "कोण गेला रे?"

गुणाजीने चौकट घट्ट धरली.

"तूच, दादा. माका कार्ड इला."

आणि उंबऱ्यातच मटकन बसून पोरासारखा रडू लागला. दत्ताराम त्याच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवत माझ्याकडे बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धीर करून विचारलंच, "भावजी, कार्ड वाचलं तेव्हाही रडलात?"

"तीन दिस जेवलंय नाय, वयनी."

सोमवारी दत्ताराम कामावर निघाला. मी अडवलं नाही.